कंपनीचा रंग

जुनी अमेरिकन गाडी विकायला निघाली की तिचं कौतुक ठरलेल्या शब्दांत होतं: नवा रंग मारलाय, क्रोम परत चढवलंय, आतलं रेक्झिन बदललंय, इंजिन खोलून भरलंय, आता दहा वर्षं बघायला नको. पन्नास-साठ वर्षांची इंपाला किंवा प्लिमथ नवरीसारखी नटवून उभी करतात. विकणाऱ्याला यातल्या प्रत्येक कामाचे पैसे वसूल करायचे असतात, आणि घेणाऱ्यालाही ते जड वाटत नाहीत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. अशा गाडीची किंमत तिच्यावर काय काय केलं यावरून नव्हे, तर काय केलेलं नाही यावरून ठरायला हवी. फिका पडलेला पण कंपनीचा रंग, झिजलेलं पण मूळचं स्टिअरिंग, कुणी न कापलेला पत्रा या गोष्टी पैसे टाकून पुन्हा मिळत नाहीत. नवा रंग कधीही मिळतो.

आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं, कारण या गाड्या आपल्याकडे कशा आल्या हे पाहिलं तर त्या किती थोड्या उरल्या असतील याचा अंदाज येतो. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला 1928 साली शेवर्ले गाड्यांची जुळणी सुरू केली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांना मात्र नुसती जुळणी नको होती, त्यांना देशात मोटार बनवायची होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तीसच्या दशकात मोटार कारखान्याचा आराखडा मांडला होता, आणि म्हैसूर संस्थान मदतीला तयार असल्याने तो कारखाना बंगळुरात व्हावा अशी खटपट चालली होती. इंग्रज सरकारने संस्थानाला त्यात पडू दिलं नाही. याच मोटारीच्या कामासाठी वालचंद 1939 मध्ये अमेरिकेला निघाले असताना प्रवासात त्यांची विमानांच्या व्यवसायातल्या विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली, आणि त्यातून डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीच्या शोधात निघालेल्या माणसाने बंगळुराला विमानाचा कारखाना दिला. मोटारीचा कारखाना मुंबईला गेला. वालचंद यांच्याच, 1944 मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या. पुढे 1953 च्या सुमारास सरकारने ठरवलं की जे सुटे भाग इथे बनवणार नाहीत त्यांनी नुसती जुळणी करू नये. जनरल मोटर्स आणि तिच्यासारखीच इथे जुळणी करणारी फोर्ड, दोघांनीही गाशा गुंडाळला.

त्यानंतर मोठी अमेरिकन गाडी देशात येण्याचे रस्ते उरले ते वकिलाती आणि तुरळक परवाने. परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि त्या घ्यायला सिनेमावाले, कारखानदार, हॉटेलवाले टपून बसलेले असत. 1958 मध्ये बाजारात आलेली शेवर्लेची इंपाला आपल्या बोलण्यात श्रीमंतीचं माप होऊन बसली ती अशी. अमेरिकेत ती तशी कधीच नव्हती. तिथे 1965 या एका वर्षात दहा लाखांहून जास्त इंपाला खपल्या. ती मध्यमवर्गाची गाडी होती. पण आपल्या रस्त्यावर साडेचार मीटरांच्या आतली अ‍ॅम्बॅसेडर हीच मोठी गाडी समजली जात असताना सव्वापाच मीटरांहून लांब, दोन मीटर रुंद, मागे पंख पसरलेली 1959 ची इंपाला आली की लोक थांबून बघत. दुर्मीळ असल्यामुळे ती जपली गेली, आणि दुर्मीळ असल्यामुळेच ती वाट्टेल तशी दुरुस्तही झाली, कारण सुटे भाग मिळत नव्हते.

समजा, अशी गाडी बंगळुराजवळ होसकोट्याच्या बाजूला विकायला निघाली, तर घेणाऱ्याने दोन कारणांनी तिच्याकडे लक्ष द्यावं. जुन्या मद्रास रस्त्यावरच्या या गावात आता व्होल्वोच्या गाड्या तयार होतात, म्हणजे मोटारीची जाण असलेले हात तिथे आहेत. हे एक. पण त्याहून महत्त्वाची तिथली हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या त्या पठारावर मुंबईची खारी हवा नाही. मुंबईत वाढलेल्या गाडीचा पत्रा आतून गंजत जातो आणि बाहेरून लांबी भरून, घासून, रंग मारून तो लपवला जातो. म्हणून बघायला जाताना खिशात एक साधं लोहचुंबक ठेवावं. मडगार्डची खालची कड, दारांखालची पट्टी, डिकीचा तळ, मागच्या चाकावरची कमान इथे ते फिरवायचं. जिथे ते सैल धरतं तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे. मग गालिचा उचलून केबिनचा तळ बघायचा आणि नंतर बॉनेट उघडायचं. शेवर्लेच्या इंजिनमागच्या पत्र्यावर रिव्हेटने ठोकलेली एक छोटी पट्टी असते. गाडी कोणत्या कारखान्यात बनली, मूळ रंग कोणता, आतलं कापड कोणतं, हे तिच्यावरच्या सांकेतिक अक्षरांवरून कळतं. पट्टी लाल सांगत असेल आणि गाडी पांढरी असेल, तर रंग बदललाय हे विकणाऱ्याला विचारावंही लागत नाही. इंजिनच्या ब्लॉकवर ओतलेला नंबर आणि ओतल्याची तारीख असते, ती गाडीच्या सालाशी जुळते का हे बघायचं. शेवटी चासी नंबर आणि आरसी बुक. चकाकीकडे सगळ्यात शेवटी बघितलं तरी चालतं.

यावर गॅरेजवाले एक खरा आक्षेप घेतात. ते म्हणतात, तुमच्या कसोटीला उतरणारी गाडी आपल्याकडे उरलीच नाही. 1973 मध्ये खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्यावर 4.6 लिटरचं व्ही-आठ इंजिन पोसणं कुणालाच परवडेना. मुंबईत आणि इतरत्र कितीतरी डॉज, प्लिमथ, इंपालांची पेट्रोल इंजिनं उतरवून तिथे डिझेल बसवली गेली, नाहीतर त्या तेव्हाच भंगारात गेल्या असत्या. क्यूबातल्या हवानात आजही हेच दिसतं. ज्या मिस्त्रींनी पर्किन्सचं डिझेल इंजिन शेवर्लेच्या पोटात बसवलं, त्यांच्या कामाला बिघाड म्हणणं अन्यायाचं आहे, आणि हा आक्षेप मला मनापासून पटतो. पण त्याने माझं म्हणणं खोटं ठरत नाही. 1975 साली गाडी रस्त्यावर राहावी म्हणून बसवलेलं डिझेल इंजिन हा त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. आज विक्रीआधी दोन महिने ते काढून, कुठूनतरी पेट्रोल इंजिन आणून, सगळं कंपनीचंच आहे असं भासवणं हे त्या आयुष्यावर पांघरूण घालणं आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिव्हाने, 2013 मध्ये मान्य केलेल्या ट्यूरिन सनदेचा रोखही हाच आहे: जे मूळचं आहे ते शक्य तेवढं राखा, जे बदलाल त्याची नोंद ठेवा.

दुसरा आक्षेप जिवाशी निगडित आहे. काही न बदललेली गाडी धोक्याची नाही का? आहे, आणि हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या वाहनविमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने 2009 मध्ये 1959 ची शेवर्ले बेल एअर आणि नवी मालिबू ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. बेल एअर म्हणजे इंपालाचीच बहीण, चासी तीच. तिची केबिन चिरडली गेली आणि आतला माणूस वाचला नसता. मालिबूतला पायाच्या दुखापतीवर निभावला असता. जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी ही आपल्याकडची समजूत या चाचणीत पार मोडली. तेव्हा ब्रेक, टायर, वायरिंग यांच्या बाबतीत मूळपणाचा हट्ट नको. पेट्रोलच्या नळ्याही बदलाव्यात, कारण फेब्रुवारी 2023 मध्ये बंगळुरातूनच सुरुवात झालेलं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल त्या काळच्या रबराला मानवत नाही. हे भाग झिजण्यासाठीच बनलेले असतात, ते बदलल्याने गाडीची ओळख बदलत नाही. पत्रा, चासी, इंजिन, रंग यांचं तसं नाही.

राहता राहिला पेट्रोलच्या उधळपट्टीचा आणि धुराचा प्रश्न, पण ही गाडी रोज चालवायची नसतेच. केंद्राच्या 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर दिला. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. गाडी विकता येते, मात्र दोन्ही बाजूंनी परिवहन खात्याला कळवायचं. वकिलातीकडून आलेली डाव्या स्टिअरिंगची गाडीही मोटार वाहन कायद्यानुसार चालते, फक्त वळण्याचे इंडिकेटर चालू हवेत.

याच नियमांत मूळपणाची अटही आहे: चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नसावा. कायदा इथे माझ्याच बाजूचा आहे, तरी तो एका जागी फार कडक वाटतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी डिझेल झालेल्या आणि आरसी बुकात तशी रीतसर नोंद असलेल्या गाड्यांना तो बाहेर ठेवतो. व्हीए नंबर हवा असलेल्या मालकापुढे मग एकच वाट उरते: कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन आणून खोटा मूळपणा उभा करायचा. जुना बदल कागदोपत्री सिद्ध होत असेल तर त्या गाडीला नोंदीसह तोच दर्जा द्यावा, एवढी दुरुस्ती नियमात झाली पाहिजे. तोवर घेणाऱ्याने आपल्या परीने एक गोष्ट करावी: विक्रीच्या कागदाला जोडून, कोणता भाग मूळचा, कोणता कधी आणि का बदलला, याची यादी विकणाऱ्याच्या सहीने मागून घ्यावी, आणि यादी न देणाऱ्याच्या चकाकत्या गाडीला कमी भाव सांगावा.