आबाजी, नकाशा काढा!

मे महिन्यात आमच्या सिरोंचात सकाळी दहानंतर माणूस कामाशिवाय घराबाहेर पडत नाही. प्राणहितेवरून येणारा वारासुद्धा भट्टीतून निघाल्यासारखा लागतो. अशाच एका दुपारी माझा अकरा वर्षांचा नातू कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि मी आरामखुर्चीत पडल्या पडल्या चडफडत होतो. पुण्याहून एवढा प्रवास करून पोर आजोबांकडे आलं, आणि करतंय काय, तर तिथे करतं तेच!

शेवटी न राहवून विचारलं, “काय आहे रे त्यात एवढं?”

“आबाजी, वाट सापडत नाहीये.”

मी खुर्ची पुढे ओढली. वनखात्यात छत्तीस वर्षं काढून मी वनपाल म्हणून निवृत्त झालो. वाट न सापडणं म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पडद्यावर हिरव्या टोपीचा एक चिमुकला वीर होता. जंगल, ओढे, डोंगर आणि डोंगराच्या पोटात तळघरं. दालनामागून दालन. एका पेटीत किल्ली मिळते, पण ती लावायचं दार पार दुसऱ्या टोकाला. भिंतीला बारीक तडा दिसला, तर ती बॉम्बने फोडून पाहायची. अंधाऱ्या खोलीत दिवा लागतो. तो नसेल तर निमूट परतायचं आणि दिवा मिळाल्यावर ती खोली आठवून पुन्हा यायचं. नातवाचं घोडं इथेच अडत होतं. मी जुनी डायरी काढली आणि पेन्सिलीने दालनांचे चौकोन मांडू लागलो. बंद दाराला फुली, तडा गेलेल्या भिंतीला गोल, अंधाऱ्या खोलीला काळा ठिपका. तिसऱ्या दिवसापासून नवं तळघर लागलं की पोरच ओरडायचं, “आबाजी, नकाशा काढा!”

खेळाचं नाव ‘मिस्ट्री ऑफ सोलारस’. नवल म्हणजे तो कुठल्या कंपनीने बनवलेला नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ १९८६ साली आला आणि त्याची पुढे मालिकाच झाली. त्यातल्या १९९१ सालच्या एका खेळाने फ्रान्समधल्या एका तरुणाला असं वेड लावलं, की ‘ख्रिस्तोफो’ या टोपणनावाने त्याने त्याची पुढची गोष्ट स्वतःच रचली. २००२ साली पहिली आवृत्ती झाली. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून खेळ चालवणारी यंत्रणाही त्याने नव्याने लिहिली आणि २०११ साली सुधारलेला खेळ लोकांसमोर ठेवला. फुकट! अर्थात मूळ पात्रं कंपनीची, त्यामुळे असले उद्योग कायद्याच्या काठावरच चालतात. दुसऱ्या एका चाहत्याने वर्षानुवर्षं खपून केलेला खेळ २०१६ साली निन्टेन्डोने बंद करायला लावला होता. तरीही माणसं असे खेळ करतात. आपल्याला मिळालेला आनंद एकट्याने ठेववत नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

मला हे वाचताना देवकीनंदन खत्री आठवले. ‘चंद्रकांता’ मालिका १९९४ साली दूरदर्शनवर लागायची तेव्हा घराघरात शांतता पसरायची. ती मूळ कादंबरी खत्रींनी १८८८ साली लिहिली, आणि ते स्वतः चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेकेदार होते. पडके किल्ले, दऱ्या, गुहा त्यांनी हिंडून पाहिल्या होत्या. तिलिस्म तिथूनच आलं. झेल्डाचे जनक शिगेरू मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबे गावाच्या डोंगरांत भटकायचे आणि कंदील घेऊन गुहेत शिरायचे. आणि या साऱ्या संगणकी भुयारांचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतला विल क्राउदर. तो आणि त्याची बायको केंटकीतल्या मॅमथ गुहांचे नकाशे काढत. घटस्फोट झाला, मुली दुरावल्या. तेव्हा १९७५-७६च्या सुमारास, मुलींना खेळायला म्हणून, त्याने आपल्या ओळखीची गुहाच संगणकात नुसत्या शब्दांत उतरवली. पुढच्याच वर्षी डॉन वुड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने त्याची परवानगी घेऊन तो खेळ वाढवला. म्हणजे चाहत्याचा हात या प्रकाराला पहिल्यापासूनच लागलेला आहे.

त्या बापाची गोष्ट माझ्या मनातून जाईना. त्याने मुलींना गुहा दिली. मी माझ्या मुलाला काय दिलं?

माझी उभी हयात या जंगलात गेली. कुठल्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, सागाच्या कुठल्या कूपातून कोणती पायवाट कुठे निघते, हे मी डोळे मिटून सांगायचो. पण १९८० पासून गोदावरीपलीकडून सशस्त्र दलं या भागात येऊ लागली. पुढे काय काय झालं ते आम्ही सारे जाणतो. जंगलात दोन्ही बाजूंच्या बंदुका होत्या. मुलाने “बाबा, मी येऊ?” म्हटलं, की मी डोळे वटारायचो. पाचवीत त्याला चंद्रपूरच्या वसतिगृहात ठेवलं आणि सुटलो. तो शिकला, मोठा झाला, पुण्याचा झाला. माझ्या भीतीत खोटं काही नव्हतं. पण जंगल त्याच्यासाठी जन्मभराचं बंद दार होऊन बसलं, हेही तितकंच खरं.

सुट्टी संपायच्या आधी एका पहाटे नातवाला उठवलं आणि वडधमला नेलं. तिथे जीवाश्मांचं उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे आहेत. त्याला सांगितलं, की याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पोचमपल्ली गावाजवळ एका प्रचंड डायनासोरची हाडं सापडली. १९७५ साली त्याला ‘बारापासॉरस’ नाव मिळालं; बंगालीत ‘बडा पा’, म्हणजे मोठा पाय. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

पोराने त्या दगडी ओंडक्यावर हात फिरवला. मग भोवती नजर टाकत हळूच विचारलं, “आबाजी, अजून खाली काय काय असेल?”

डायरी मी बरोबर नेलीच होती. या वेळी पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्याने रस्ता काढला, झाडं काढली, ओंडक्यांना गोल केले, आणि पुढच्या न पाहिलेल्या जागेवर काळा ठिपका दिला.

रात्री त्या पानाचा फोटो त्याने वडिलांना पाठवला. थोड्या वेळाने मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो म्हणाला, “बाबा, दिवाळीत मी येतो. मलाही न्या तिकडे.”

डायरीत अजून बरीच पानं कोरी आहेत.