मनगटातली वाट आणि अकोल्याचा रस्ता

आमच्या रिठदला छातीत दुखायला लागलं की पहिलं निदान घरातच होतं: "गॅस झाला असन." मग ओवा, काळं मीठ, सोडा आणि पाठ चोळणं. माझ्या काकांचं असंच झालं. सोयाबीन सोंगणीचे दिवस, पहाटे अंगाला दरदरून घाम, डावा हात जड. या सोपस्कारांत दोन तास गेले. वाशीमला ईसीजी निघाला तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, "किती वाजल्यापासून दुखून राह्यलं?"

कॅथेटरचं, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेायच्या बारीक नळीचं, सगळं शास्त्र या प्रश्नाभोवती फिरतं. गाठीने रक्तवाहिनी बंद पडली की पलीकडचा स्नायू मिनिटामिनिटाने मरतो. रिंग, म्हणजे स्टेंट, ती वाहिनी उघडते, मेलेला स्नायू जिवंत करत नाही.

या नळीचा जन्म मात्र एका अचाट वेडेपणातून झाला. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी आत सरकवली आणि तशीच घेऊन तो एक्स-रेच्या खोलीत चालत गेला. वरिष्ठ भडकले, १९५६ साली नोबेल मिळालं. डॉक्टर ग्रुंट्झिग तर नळीच्या टोकाला बसवायचे आपले फुगे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवायचा. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये त्याने जागत्या माणसाच्या हृदयाची धमनी अशाच फुग्याने उघडली. भारतात १९८६मध्ये मॅथ्यू सॅम्युएल कळरिक्कल यांनी हीच अँजिओप्लास्टी सुरू केली.

काकांना अकोल्याला नेलं. वाशीमहून सुमारे ऐंशी किलोमीटर. पूर्वी जांघेतून जायचे, आता बहुतेकदा मनगटातून. मनगटावर बधिर करण्याची सुई, बारीक तार, तिच्यावरून नळी. औषध सोडलं की पडद्यावर काळ्या फांद्या उमटतात. एक फांदी मध्येच तुटलेली. तिथे फुगा फुगतो, रिंग भिंतीला चिकटते, फांदी पुढे भरत जाते. काका जागेच होते. नंतर म्हणाले, "टीव्हीवर माझंच पाट-पाणी दिसलं."

खर्चाचा धसका आता थोडा कमी झाला आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी लाखाच्या वरचे आकडे सर्रास होते. महात्मा फुले योजनेत, जिला गावात अजून 'जीवनदायी'च म्हणतात, अँजिओप्लास्टी बसते.

म्हणून दिसला ब्लॉक की टाक रिंग, असं मात्र नाही. चालताना छातीत दुखणाऱ्या, पण स्थिर असलेल्या २०० रुग्णांवर ब्रिटनमध्ये ऑर्बिटा नावाची चाचणी झाली. जवळपास निम्म्यांना रिंग, बाकीच्यांना फक्त तिचं नाटक. २०१७ साली निकाल आला: व्यायामाच्या क्षमतेत म्हणावा असा फरक नाही. पुढच्या चाचणीत दुखणं कमी झालेलं दिसलं, पण आधीचा धडा पुसला गेला नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रिंग जीव वाचवते. एरवी घाई करू नये, डॉक्टरला चार प्रश्न विचारावेत.

पुढची वाट हृदयाच्या झडपांची आहे. संधिवाताच्या तापाने आवळलेली झडप जपानी डॉक्टर इनोए यांच्या फुग्याने उघडतात. छाती न कापता गरिबाघरच्या कितीतरी सुना वाचल्या. २००२ साली फ्रान्सच्या क्रिबिए यांनी नळीतून महाधमनीची नवी झडप बसवली. तशी झडप आता शेजारच्या गुजरातेत, वापीला बनते. अँजिओप्लास्टीचीही मजल पुढे गेली: डिसेंबर २०१८मध्ये हृदयरोगतज्ज्ञ तेजस पटेल यांनी गांधीनगरला बसून बत्तीस किलोमीटरवरच्या अहमदाबादेतल्या रुग्णांवर यंत्रमानवाकरवी अँजिओप्लास्टी केली.

कौतुक आहेच. पण रिठदसाठी मला यंत्रमानवापेक्षा एक साधी सुई महत्त्वाची वाटते. जवळच्या दवाखान्यात ईसीजी निघावा, तो तज्ज्ञाने मोबाइलवर वाचावा, गाठ विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यावं आणि तीन ते चोवीस तासांत रुग्ण कॅथलॅबमध्ये पोचावा. तमिळनाडूत अशी साखळी बांधून पाहिली. वर्षभरातले मृत्यू घटल्याचं २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. कॅथेटर अकोल्यातच राहील, उपचार मात्र गावाजवळ सुरू होईल.

काका चौथ्या महिन्यात गोळ्या बंद करून बसले होते. "आता बरं हाये ना." रक्त पातळ ठेवणारी गोळी मध्येच सोडली तर त्या रिंगेतच गाठ धरू शकते, हे त्यांना कोणी वऱ्हाडीत सांगितलं नव्हतं. आता काकू सकाळच्या चहाबरोबर बशीत गोळी ठेवते, आणि ती गिळल्याशिवाय कप हातात देत नाही.