मरणाऱ्याच्या खाटेभोवतीची गर्दी

जानेवारी 1349. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला प्लेगनं थैमान घातलं होतं. रोग्यांच्या उशाशी जाणारे धर्मगुरूच पटापट मरत होते आणि उरलेले जायला धजत नव्हते. तेव्हा बाथ अँड वेल्सचा बिशप राल्फ यानं पत्र काढलं : धर्मगुरू मिळत नसेल तर मरणाऱ्यानं आपली पापं साध्या माणसापाशी कबूल करावीत; पुरुष नसेल तर बाईपाशीसुद्धा. त्या काळच्या चर्चसाठी ही मोकळीक लहान नव्हती. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत व्हॅटिकनलाही असाच मार्ग काढावा लागला. शेवटचे संस्कार मिळू न शकलेल्या, पण मनानं तयार असलेल्या आणि एरवी प्रार्थना करत आलेल्या माणसाला पापांच्या शिक्षेतून पूर्ण माफी जाहीर झाली.

एवढी धडपड कशासाठी? पुनर्जन्माची कल्पना अंगवळणी पडलेल्या वाचकानं एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. ख्रिस्ती श्रद्धेत जन्म एकदाच. कॅथॉलिक शिकवणीनुसार मरताक्षणीच प्रत्येकाचा न्याय होतो. गंभीर पापाचा पश्चात्ताप न करता जो गेला त्याला नरक आणि जो पूर्ण शुद्ध होऊन गेला त्याला स्वर्ग. देवाशी समेट झाला, पण मळ पुरता धुतला गेला नाही, त्याच्यासाठी शुद्धिस्थान. तिथून पुढची वाट स्वर्गाचीच. 1274 ची लिओं आणि 1439 ची फ्लॉरेन्स या धर्मसभांनी हा विचार अधिकृत केला. शिवाय जगाच्या अंती ख्रिस्त परत येईल, मेलेले देहासह उठतील आणि अंतिम न्याय होईल, ही श्रद्धा आहेच. ती बहुतेक सगळ्या पंथांची.

साहजिकच अखेरच्या घटकेला फार मोल आलं. ती कशी निभावायची, याचं पुस्तकच पंधराव्या शतकात निघालं : ‘अर्स मोरिएंडी’, म्हणजे मरणाची कला. 1450 च्या सुमारास त्याची छोटी आवृत्ती लाकडी ठशांच्या अकरा चित्रांसह निघाली, म्हणजे अक्षर न वाचणाऱ्यालाही विषय कळावा. चित्रं मोठी बहारदार आहेत. खाटेवर आजारी माणूस आणि भोवती सैतानांची झुंड. ते त्याला पाच प्रकारे घेरतात : श्रद्धा डळमळवणं, निराशा, त्रागा, धार्मिकपणाचा गर्व आणि घरादाराची ओढ. निराशेच्या चित्रात सैतान पापांची यादीच त्याच्या डोळ्यांपुढे नाचवतो. त्राग्याच्या चित्रात रोगी शुश्रूषा करणाऱ्याला लाथ मारतो, मेजही उलथलेलं आहे. घरात दीर्घ आजारपण काढलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. प्रत्येक हल्ल्यानंतर देवदूत धीर द्यायला येतात. निराश माणसाला ते दाखवतात कोण? तर येशूला ओळखत नाही म्हणणारा त्याचाच शिष्य पेत्र आणि क्रुसावर पस्तावलेला चोर. शेवटच्या चित्रात जीव लहान मुलाच्या रूपात तोंडातून बाहेर पडतो आणि सैतान चरफडत राहतात.

या पुस्तकातला मरणारा माणूस एकटा नाही, हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. त्याला प्रश्न विचारायला, प्रार्थना म्हणायला, हातात मेणबत्ती द्यायला कुणीतरी हवंच. गेल्यावरही मागे राहिलेल्यांची प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, शुद्धिस्थानातल्या जिवाला उपयोगी पडतात, अशी खात्री होती.

त्या खात्रीचा बाजार झाला. जर्मनीत योहान टेट्झेल हा धर्मगुरू शुद्धिस्थानातली शिक्षा माफ करणारी माफीपत्रं विकत फिरू लागला. त्यातला पैसा रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामाला जाणार होता. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरनं 95 मुद्दे मांडून त्याला आव्हान दिलं. दोनच वर्षांनी त्यानं मरणाच्या तयारीवर एक प्रवचन लिहिलं. पाप, मरण आणि नरक यांच्याकडे टक लावून बसू नका, ख्रिस्ताकडे पाहा, हा त्याचा रोख. पुढे प्रॉटेस्टंट पंथांनी शुद्धिस्थान नाकारलं : तारण देवाच्या कृपेनं, श्रद्धेतून मिळतं आणि गेलेल्याच्या खात्यात मागाहून काही जमा करता येत नाही. ऑर्थोडॉक्स चर्च मृतांसाठी प्रार्थना करतं, पण शुद्धिस्थानाची रोमची व्याख्या मानत नाही. पोप पाचवे पायस यांनी 1567 मध्ये पैशाशी जोडलेल्या माफ्या रद्द केल्या, मात्र माफीची कल्पना कॅथॉलिकांनी सोडली नाही.

तयारीचा भर मात्र खाटेवरून आयुष्याकडे सरकला. कार्डिनल बेलार्मिनच्या 1620 च्या पुस्तकाचा पहिलाच नियम असा, की नीट मरायचं तर नीट जगावं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ‘अंत्याभ्यंग’ हा तेल लावण्याचा संस्कार मरणाच्या दारातल्यांपुरता न ठेवता गंभीर आजाऱ्यांसाठी खुला केला.

आपल्याकडे वसईच्या कॅथॉलिक गावांत 2 नोव्हेंबरला दफनभूमीतल्या थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात, त्यामागे मृतांसाठीची तीच प्रार्थना आहे. कॅथॉलिक आणि ल्यूथरन यांनी 1999 मध्ये आउग्सबुर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : तारण कृपेनंच मिळतं, यावर एकमत झालं. मृतांना मदत करता येते का, हा वाद तिथे मिटला नाही. 2025 च्या जुबिली या कॅथॉलिकांच्या पवित्र वर्षात रोमच्या पवित्र दारातून जाणाऱ्या यात्रेकरूला पापनिवेदन, कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटींवर पूर्ण माफी मिळत होती. ती स्वतःसाठी घ्यायची की गेलेल्या कुणासाठी, हे त्यानं ठरवायचं होतं.