हायपो की हायपर? एका अक्षराचे अंतर

प्रतिक्रमणात ज्ञानाच्या अतिचारांची आलोचना करताना आपण हीनाक्षर, अत्यक्षर आणि घोषहीन या दोषांचीही क्षमा मागतो. अक्षर गळणे, अधिक लागणे, उच्चार चुकणे हे पूर्वाचार्यांनी दोष मानले. कारण अक्षर ढळले की अर्थ ढळतो. आगमपाठातील ही दक्षता आजारपणातील शब्दांनाही हवी.

दौंड तालुक्यातील भांडगाव पुणे-सोलापूर महामार्गावर असले, तरी रात्री-अपरात्री तज्ज्ञ डॉक्टरांशी पहिली गाठ बहुधा फोनवरच पडते. समजा, चौविहार उपवासात मधुमेही आजोबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. घाबरलेला नातू ‘हायपो’ऐवजी ‘हायपर’ म्हणाला, तर अर्थ नेमका उलटतो. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातील साखर घटणे. हायपरग्लायसेमिया म्हणजे ती वाढणे. पहिल्यात साखर तत्काळ द्यावयाची, दुसऱ्यात ती टाळावयाची.

हे शब्द ग्रीक असले तरी आपल्याला परके नाहीत. ‘हायपर’ हा संस्कृत ‘उपरि’चा, तर ‘हायपो’ हा ‘उप’चा सगोत्र. उपरि म्हणजे वर. आणि उपाध्यक्षाचे स्थान अध्यक्षाच्या खाली. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना उपवासात भय असते ते हायपोचे. तेव्हा उपवासातील ‘उप’ हीच खूण लक्षात ठेवावी. रक्तदाबाच्या हायपोटेन्शन-हायपरटेन्शनलाही ती लागू पडते.

इंग्रजी ढब साधण्याची गरज नाही. ‘पो’ की ‘पर’, एवढे ठळक उच्चारावे, लगेच ‘साखर कमी झाली आहे’ असे मराठीत सांगावे, आणि ग्लुकोमीटरवरील आकडा सुटा करून वाचावा: ‘पाच, आठ, अठ्ठावन्न.’ ७० च्या खाली हायपो, ५४ च्या खाली गंभीर. रुग्ण शुद्धीवर असल्यास सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

व्रतभंगाची शंका मनात येईल. परंतु पच्चक्खाणाच्या आगारांत समाधीसाठी औषधाची मुभा पूर्वीच ठेवलेली आहे. तरीही मधुमेहींनी पर्युषणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

ज्ञानाचाराच्या आठ अंगांत व्यंजन, अर्थ आणि तदुभय ही तीन अंगे आहेत: अक्षर शुद्ध, अर्थ शुद्ध आणि दोन्ही एकत्र शुद्ध. स्वाध्यायात जपलेली ही शुद्धी फोनवरही जपली, तर ती एखाद्या जिवाची रक्षाच ठरेल.