नळाच्या पोटातला चुना

मराठीने पाण्याला नावे ठेवण्यात कधी कंजुषी केली नाही. गोडे, खारे, मचूळ, जड. शास्त्राच्या क्रमिक पुस्तकांनी त्यात ‘दुष्फेन’ या भारदस्त शब्दाची भर घातली. साबणाला फेस येऊ देत नाही ते दुष्फेन. मी कॉलेजात मराठी शिकवते. पण पुण्याच्या उपनगरात बोअरच्या पाण्यावर संसार करणाऱ्या बाईला हा शब्द कोणी शिकवावा लागत नाही. साबणाची वडी झिजते, केस राठ होतात, बादलीला पांढरी कड चढते आणि डाळ शिजत नाही. हे शेवटचे अगदी शब्दशः! डाळीतल्या पेक्टिनाला पाण्यातला कॅल्शियम घट्ट धरून बसतो आणि कुकरच्या शिट्ट्या वाया जातात.

वास्तविक हे पाणी मूळचे पावसाचेच. मातीतून झिरपताना ते कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्ल होते आणि आपल्या काळ्या खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवीत खाली उतरते. बोअरमध्ये लागते ते असे खडकाच्या दीर्घ सहवासातले पाणी. हे क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. मीठ, साखर ऊन पाण्यात अधिक विरघळतात. चुनखडीचा स्वभाव मात्र उलटा. पाणी तापले की ती पाण्याची संगत सोडते आणि जवळचा पृष्ठभाग धरते. म्हणून गार पाण्याच्या नळाआधी गिझर आणि सोलरचे नळ गच्च होतात. गिझरच्या कॉइलवर पुटे चढली, की उष्णता पाण्यात उतरत नाही. विजेचे बिल वाढते आणि कॉइल आपल्याच तापाने जळते. जुन्या तांब्याच्या बंबात हेच होत असे, पण त्याचे झाकण काढून आत हात तरी घालता येई!

आमच्या सोसायटीत गरम पाण्याची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा सभा भरली. एका कंत्राटदाराने सुचवले, “नळात ॲसिड सोडू, दोन तासांत मोकळे.” स्वस्त म्हणून निम्म्या माना डोलल्या. माझ्या घरी दम्याने बेजार असलेले सासरे आहेत, म्हणून मी उठून बोलले. हे तीव्र ॲसिड चुन्याबरोबर धातूही खाते. आणि स्नानघरात कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असली, तर दोहोंच्या भेटीतून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेततो.

आधी पाणी तपासून घ्यावे असे ठरले. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याचे काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमचे निघाले ५२०. तुरटीचा यावर उपयोग नाही. तिने गाळ बसतो, विरघळलेला चुना नव्हे. नळाला बांधायच्या लोहचुंबकांच्या गुणाबद्दल तज्ज्ञांतच एकमत नाही; त्या वाटेस आम्ही गेलो नाही. उरले सॉफ्टनर. त्यातले राळेचे मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी थकले की मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करायचे.

येथे आमच्या सासूबाईंनी कान टवकारले. त्यांना रक्तदाब. “माझ्या ताटातलं मीठ काढलंस, आणि आता नळातून घालतेस का गं?” शंका रास्त होती. १०० मिलिग्रॅम काठिण्य काढले की ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. आमच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २४०. तेव्हा सॉफ्टनर फक्त सोलर, गिझर आणि स्नानघराच्या लाइनवर बसवावा, स्वयंपाकघराचा नळ त्याआधीच वेगळा काढावा, असा ठराव मी मांडला. मिठाचे सांडपाणी बागेत सोडायचे नाही, हेही त्यात घातले. नाहीतर नळ वाचायचे आणि झाडे जायची.

तोवर घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. तोटीची जाळी आणि शॉवरची चकती काढून, लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवावी; बुडबुडे येतात, ते चुना विरघळल्याचे. मग जुन्या दातघाशाने घासावे. गिझरचा काटा पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवावा. उकळते पाणी बादलीत गार करून घेण्यात कसली आली आहे चैन? वर्षातून एकदा वीज बंद करून गिझर कारागिराकडून उघडवावा आणि आतली मॅग्नेशियमची दांडी झिजली असल्यास बदलून घ्यावी. टाकीला गंजापासून ती वाचवते.

ठराव मंजूर झाला. मात्र दर महिन्याला मिठाची गोणी गच्चीवर कोणी चढवायची, या मुद्द्यावर सभा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब आहे.