गंजणारा ठोकळा

ठोकळ्यांचे जग रचण्याचे संगणकीय खेळ आता अनेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. दगड, माती, लाकूड, पाणी असे सारे काही एकाच मापाच्या घनांचे बनलेले असते. यांपैकी काही खेळांत नवा ठोकळा घडवून त्याने कसे वागावे हेही आपल्याला ठरवता येते. अशा पुरवणीला ‘मॉड’ म्हणतात. हे वागणे लिहिताना संभाव्यतेचा एक महत्त्वाचा नियम हाती लागतो आणि त्याविषयीचा एक घट्ट रुजलेला गैरसमजही दूर करता येतो.

उदाहरणासाठी ‘लुआंटी’ घेऊ. फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये हे काम सुरू केले. पूर्वी त्याचे नाव ‘माइनटेस्ट’ होते, ते २०२४ मध्ये बदलले. ते विनामूल्य मिळते. त्यातील मॉड ‘लुआ’ या संगणकभाषेत लिहितात. ही छोटी, शिकायला सोपी भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील विद्यापीठात तयार झाली.

वागणे तीन प्रकारचे

पहिला प्रकार गुणांचा. ठोकळा ‘पडणाऱ्या’ गटातला आहे एवढे नोंदवले, की खालचा आधार काढताच तो वाळूसारखा खाली येतो. दुसरा प्रकार घटनांचा. खेळाडूने ठोकळा ठेवला, त्यावर आघात केला किंवा तो खणून काढला, तर काय व्हावे हे आपण लिहून ठेवतो. तिसरा प्रकार सर्वांत मनोरंजक आहे. कोणी हात न लावताही ठोकळा आपोआप बदलतो. गवत पसरते, ओल्या दगडावर शेवाळ धरते ते असेच.

समजा, पाण्याजवळ गंजणारा लोखंडी ठोकळा आपल्याला हवा आहे. त्यासाठी पाच गोष्टी सांगाव्या लागतात.

१. कोणता ठोकळा : लोखंडाचा.
२. शेजारी काय हवे : पाणी. (एका घनाभोवती, कडा व कोपरे धरून, २६ जागा असतात.)
३. किती वेळाने तपासायचे : दर १० सेकंदांनी.
४. शक्यता किती : १०० मध्ये १.
५. काय करायचे : त्या जागी गंजलेला ठोकळा ठेवायचा.

चौथी अट कशासाठी? ती नसेल तर पाण्याकाठची संपूर्ण भिंत एकाच क्षणी गंजेल. शक्यतेमुळे एक ठोकळा आज, दुसरा उद्या असा विखुरलेला, नैसर्गिक वाटणारा बदल दिसतो.

शंभर फेऱ्यांनंतर काय?

आता वर्गात विचारावे : १०० फेऱ्या झाल्या की सगळे ठोकळे गंजलेले असतील का? बरेच विद्यार्थी ‘हो’ म्हणतील. एका फेरीत ठोकळा वाचण्याची शक्यता ०.९९ आहे. शंभर फेऱ्यांत वाचण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. शंभरातले ३७ ठोकळे अजून कोरेच असतील!

हाच घात ६९ पर्यंत नेला तर उत्तर जवळपास ०.५ येते. म्हणजे ६९० सेकंदांत, साडेअकरा मिनिटांत, निम्मे ठोकळे गंजतात. पुढच्या साडेअकरा मिनिटांत उरलेल्यांतले निम्मे. ४०० ठोकळ्यांचे सुमारे २००, मग १००, मग ५०. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल तो हाच. तेथेही कोणता अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही, पण निम्मे केव्हा उरतील हे सांगता येते.

याचे कारण असे, की ठोकळ्याला स्मृती नाही. नव्वद फेऱ्या वाचलेला ठोकळा आणि नुकताच ठेवलेला ठोकळा यांची पुढच्या फेरीतली शक्यता सारखीच. ‘इतका वेळ झाला नाही, म्हणजे आता होणारच’ हा तर्क येथे चुकतो. सोडतीच्या तिकिटांवर पैसे घालवणारी माणसे याच तर्काला बळी पडतात.

संगणक नसेल तर

साठ विद्यार्थ्यांना उभे करून प्रत्येकाला एकेक फासा द्यावा. एक पडला त्याने खाली बसावे. उभे राहिलेल्यांची संख्या साधारण ६०, ५०, ४२, ३५, २९ अशी उतरेल. प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील. त्यांचा आलेख काढून अपेक्षित आलेखाशी ताडून पाहावा.

प्रतिकृतीच्या मर्यादा

बरोबर ठरलेल्या वेळी बदल हवा असेल, तर त्या जागेपुरते घड्याळ लावण्याची सोय लुआंटीत आहे. तेथे शक्यतेचे काम नाही. शिवाय आपोआप होणारे बदल खेळाडूच्या आसपासच्या भागातच तपासले जातात. दूरचे जग थांबलेले असते. खेळाडू तेथे परतला, की शक्यता तात्पुरती वाढवून राहिलेल्या वेळाची भरपाई करता येते.

खरे लोखंडही असे क्षणात गंजत नाही. पाणी व ऑक्सिजन यांच्यामुळे गंज पृष्ठभागावरून हळूहळू वाढत जातो. आपला नियम ही निसर्गाची केवळ प्रतिकृती आहे. तेव्हा शेवटी विद्यार्थ्यांनाच विचारावे : गंज टप्प्याटप्प्याने वाढावा यासाठी या पाच अटींत कोणता बदल कराल? रंग लावलेले लोखंड कसे दाखवाल? अशी उत्तरे शोधताना गंजण्याची क्रियाही त्यांना अधिक नीट समजेल.