चाळीस फूट म्हणजे किती?

पावसाळ्यात बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास कानांवर पडते : 'सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फूट.' बुलढाण्यात बसून हे ऐकताना आपला समज होतो, की नदी चाळीस फूट खोल झाली. तसे नाही. मग हा आकडा कशाचा?

आधी पुलाविषयी. सांगली कृष्णेच्या एका काठावर, तर सांगलीवाडी पलीकडच्या. संस्थानी काळात, १९२९ साली, दोहोंना जोडणारा हा पूल खुला झाला. तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला मिळाले. रहदारीसाठी बांधलेला हा पूल पुढे शहराची मोजपट्टीही झाला.

पुलापाशी पातळी मोजतात ती एका ठरावीक शून्यापासून. नदीच्या तळापासून मोजली तर काय बिघडेल? तळ स्थिर नसतो. कुठे गाळ साचतो, कुठे पुराने तळ खरवडला जातो. शून्यच सरकले तर यंदाचे ४० फूट आणि दहा वर्षांपूर्वीचे ४० फूट यांची तुलना करता येणार नाही. पूल मात्र जागचा हलत नाही.

येथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल वस्तीत तर पाणी इशाऱ्याआधीच शिरू लागते. तिथल्या घरांत धान्य कधी हलवायचे, म्हाताऱ्या माणसांना कधी न्यायचे, हे या आकड्यावर ठरते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ साली ५७ फुटांच्याही वर. म्हणजे धोका पातळीपेक्षा १२ फूट अधिक!

विद्यार्थी विचारतील, 'कोयनेतून दुप्पट पाणी सोडले, तर पातळी दुप्पट होईल का?' नाही. पाणी काठाबाहेर पडले की नदीची रुंदी एकदम वाढते. मग पातळी एक फूट चढायला पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त पाणी लागते. म्हणून वरचा प्रत्येक फूट सावकाश चढतो, पण खूप जास्त जमीन बुडवतो. शिवाय सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. तीही भरलेली असली, तर कृष्णेचे पाणी पुढे सरकायला अडते आणि पुलापाशी फुगवटा येतो.

आपल्या जिल्ह्यात २०२३ च्या जुलैत संग्रामपूर, जळगाव जामोद भागात पुराने हाहाकार केला. आपल्या गावाजवळच्या पुलावर अशा खुणा आहेत का? नसल्यास उन्हाळ्यात, पात्र कोरडे असताना, मोठ्यांच्या मदतीने एका खांबावर फुटांच्या खुणा रंगवाव्यात. पावसाळ्यात पाण्याजवळ न जाता, काठावरच्या सुरक्षित जागेवरून रोज ठरल्या वेळी आकडा टिपावा. शेजारी पावसाची नोंद ठेवावी. कोणत्या आकड्याला कोणते घर, कोणता रस्ता पाण्याखाली जातो, हेही लिहावे. चार-पाच पावसाळ्यांनंतर ही वही साऱ्या गावाच्या उपयोगी पडेल.